भागीदाराच्या कर्जाच्या नोंदी कुठे पाहाव्यात?

प्रश्न (लातूर): डाळमिलसाठी ज्या गृहस्थांशी भागीदारी करायची आहे, त्यांच्या जमिनीवर किंवा कंपनीवर कर्ज आहे का, हे सार्वजनिक नोंदींवरून कसे तपासावे?

उत्तर (जालना): प्रथम सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकाना पाहा, बँकेचा वा सोसायटीचा बोजा तिथे फेरफार क्रमांकासह दिसतो. कंपनीवरील तारण, धनको आणि रक्कम कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशी नोंद साधारणपणे ३० दिवसांत करावी लागते.

उत्तर (नांदेड): मात्र केवळ बोजा दिसला म्हणून माणसाला थकबाकीदार ठरवू नका. आपल्याकडे पीककर्ज फेडल्यावरही बोजा कमी करण्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा अनेकदा राहून जातो; म्हणून त्यांच्याकडे बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज बाकी नसल्याचा दाखला) अवश्य मागा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. दाखला उद्याच मागतो.