मोबाईलवर ऱ्या, ळ्ळ, ॲ : तुमचं घोडं कुठं अडतं?

धागा काढायचं कारण आधी सांगते. भाचीच्या लग्नात घरच्या ग्रुपवर मी लिहिलं, ‘आचार्यांना पाकीट दिलं का?’ लिहायचं होतं आचाऱ्यांना, म्हणजे स्वयंपाकवाल्यांना. मामांनी वाचलं आणि थेट होमाजवळ जाऊन भटजींच्या हातात पाकीट ठेवलं, इकडं आचारी मसालेभाताच्या पातेल्याजवळ तोंड पाडून उभा! मामांना विचारलं तर म्हणाले, तू लिहिलीस तसं केलो मी.

माझ्या फोनात र जरा दाबून धरला की वर पट्टी येते, त्यात खाली टिंबवाला ऱ असतो, तो घ्यायचा, पाय मोडायचा, मग य. साधा र घेतला की त्याचा रफार होऊन डोक्यावर बसतो, दऱ्या लिहायला जावं तर दर्या होतो. तुमचे पण घोळ सांगा, आणि उपाय सापडला असला तर तो आधी.

येळ्ळूरचा पोरगा
काकू, आमच्या गावाचं नावच घ्या की. ळ, पाय मोड, परत ळ. सोपं वाटतंय, खरं सकाळच्या बसमध्ये एका हातानं दांडी धरून करून बघा. बोलून टाईप केलं तर वेल्लूर येतंय, तमिळनाडूत कोण जायलंय! शेवटी कीबोर्डच्या डिक्शनरीत ‘यय’ असा शॉर्टकट टाकून ठेवलो.

डीटीपीवाला, शहापूर
पत्रिका नि बोर्ड करतो आम्ही. गिऱ्हाइकानं फोनवरून पाठवलेला मजकूर जुन्या फॉन्टात टाकला की ॲडव्होकेटच्या ॲ च्या जागी चौकोन. कारण युनिकोडात, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवरच्या प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या यादीत, ॲ ला स्वतंत्र कोड मिळाला 5.1 व्या आवृत्तीत, 2008 साली, त्याआधीच्या फॉन्टात तो नाहीच. जुनी पद्धत म्हणजे अ, मग एक न दिसणारा जोडणारा कोड, मग वरचा चंद्र. डोळ्याला दोन्ही सारखेच, फोनला मात्र वेगळे. एका वकिलांचा नंबर मी जुन्या अ‍ॅ नं सेव्ह केलतो आणि दोन दिवस नव्या ॲ नं शोधत बसलतो, गेला कुठं म्हणून बायकोवर पण डाफरलो. आता वकील एवढंच लिहितो.

टिळकवाडी
माझं दुखणं वेगळंच. शेजारच्या अक्कांकडून कन्नड शिकते, नोट्स देवनागरीत. कन्नडात ए आणि ओ, दोन्हीचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, कॊडु म्हणजे दे आणि कोडु म्हणजे शिंग. माझ्या मराठी कीबोर्डवर ती ऱ्हस्व मात्रा नाही, म्हणून सगळीकडं कोडुच लिहिलेलं, आणि तसंच ठसक्यात वाचून दाखवलं, ‘हालु कोडु’. अक्का म्हणाल्या, दुधाचं शिंग कुठनं आणू गं? चहा सांडेपर्यंत हसल्या. देवनागरीच्या युनिकोडात ती मात्रा आहे, आता कॉपी करून एका नोटमध्ये ठेवलीय.

खडेबाजार
₹ आकड्यांच्या पानावर मिळतंय. नसलं तर रु. लिहा, 2010 च्या आधी तेच होतं, कुणी पैसे द्यायचं थांबलं नव्हतं.

येळ्ळूरचा पोरगा
काकू, पाकिटाचं काय झालं पुढं?

धागाकर्ती
मामा मागायला गेलते. भटजींनी ग्रुपवरचा मेसेज बघायला मागितला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, बरोबर लिहिलंय की.