मदत हवी आहे : डर्बीशरमध्ये आई-बाबांना घेऊन शनिवार-रविवारी कुठे जावे?

नमस्कार मंडळी,

आम्ही डर्बी शहरात राहतो. येत्या जूनमध्ये माझे आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच इंग्लंडला येत असून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत राहणार आहेत. लंडन आणि स्कॉटलंडचे बेत ठरले आहेत. मला मदत हवी आहे ती मधल्या शनिवार-रविवारांसाठी, म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशा डर्बीशरमधल्याच सहलींसाठी.

अडचणी आधी सांगते. बाबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाट रस्त्यावर ते अर्धा तास सावकाश चालतात, पण चढ आणि पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. आई अंडेही खात नाही, त्यामुळे बेकवेलला जाऊन तिथले प्रसिद्ध पुडिंग तिला चाखता येणार नाही. आम्ही मुलांसह सहा जण आणि गाडी पाच जणांची, म्हणून शक्यतो रेल्वेने जाता येईल अशी ठिकाणे हवी आहेत.

आई-बाबांना बाकावर बसवून बाकीच्यांनी फिरून यायचे, असे मात्र मला अजिबात नको आहे. बाबांची सारी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली. यंत्र दिसले की ते कसे चालते हे समजून घेतल्याशिवाय ते तिथून हलत नाहीत. आईला भरतकामाची आणि फुलांची मनापासून आवड आहे. दोघांनाही स्वतःला रस वाटेल असे काहीतरी त्या दिवसात असावे, एवढीच इच्छा आहे. मुलांनी हट्ट धरला असला तरी कॅसलटनच्या ब्लू जॉन गुहेचा विचार मी म्हणूनच सोडून दिला, कारण तिथे अडीचशेच्या आसपास पायऱ्या उतरून तेवढ्याच पुन्हा चढाव्या लागतात.

डर्बी ते मॅटलॉक या रेल्वेमार्गावर क्रॉमफर्ड लागते, जिथे रिचर्ड आर्कराइटने १७७१ मध्ये पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू केली. ती पाहण्यात बाबांचा दिवस आनंदात जाईल असे वाटते, परंतु स्थानकापासून चालणे किती आणि कसे आहे? क्रिचच्या संग्रहालयात जुन्या ट्राम प्रत्यक्ष रुळांवर धावतात आणि त्यांत बसताही येते. मात्र व्हॉटस्टँडवेल स्थानकापासून तिथपर्यंत चांगलाच चढ आहे, तेव्हा ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी काय सोय केली? शेवटचा प्रश्न आईसाठी आहे. इथल्या गावांमध्ये लाकडी चौकटीवर ओल्या मातीचा थर देऊन त्यात फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रे साकारतात आणि ती विहिरी-झऱ्यांपाशी मांडतात. टिसिंग्टनची सजावट मे महिन्याच्या सुमारास होते, त्यामुळे ती आम्हाला चुकणार. पुढच्या महिन्यांत हे कुठे पाहता येईल?

प्रतिसाद

नमस्कार. आम्ही बरीच वर्षे याच काउंटीत राहतो आणि माझ्या सासूबाईंना घेऊन यांपैकी बहुतेक ठिकाणी गेलो आहोत, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रॉमफर्ड निश्चित करा. स्थानकापासून गिरणी फार लांब नाही आणि गिरणीसमोरूनच जुना कालवा सुरू होतो. त्याच्या काठची वाट अगदी सपाट आहे. बाबा दमतील तिथून मागे वळता येते. मुलांना पुढे हाय पीक जंक्शनपर्यंत जाऊ द्या. पाळण्यातून डोंगरावर नेणारे 'हाइट्स ऑफ अब्राहम' मॅटलॉक बाथ स्थानकाला लागूनच आहे, पण वर सगळा उतार-चढ आणि गुहांत पायऱ्या असल्यामुळे तुमच्या अटींमध्ये मी ते सुचवणार नाही. क्रिचला व्हॉटस्टँडवेलहून चालत जाण्याचा विचारही करू नका. तुमच्या गाडीतून आई-बाबा आणि मुलांना दारापर्यंत सोडावे आणि एकाने मागून रेल्वेने येऊन चढ चालावा.

आईंसाठी माझी पहिली पसंती केडल्स्टन हॉलला आहे. हे व्हाइसरॉय कर्झनच्या घराण्याचे घर. कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस याच वास्तूच्या धर्तीवर बांधले गेले. कर्झनने पूर्वेकडून आणलेल्या वस्तूंचे दालन तळमजल्यावर आहे. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झनने घातलेला मोरपिशी नक्षीचा पोशाख तिथे आहे. त्यावरचे जरीकाम भारतीय कारागिरांचे असून प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचा हिरवा तुकडा शिवलेला आहे. भरतकाम करणाऱ्या व्यक्तीला तिथून लवकर निघवत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवून जा. डर्बीहून अंतर इतके कमी आहे की तुमच्याच गाडीने दोन खेपा सहज होतील.

फुलांच्या सजावटीसाठी जुलैमध्ये बक्स्टन आणि ऑगस्टच्या अखेरीस ईयम ही ठिकाणे आहेत. डर्बीहून दोन्हीकडे थेट रेल्वे नाही, म्हणून एक दिवस सात जणांची गाडी भाड्याने घेण्याचा खर्च मी तरी इथे करेन. बक्स्टनला सेंट अ‍ॅन्स वेलचे कोमट पाणी बाटलीत भरून घेता येते आणि पॅव्हिलियन गार्डन्समध्ये बसायला भरपूर जागा आहे. परतताना हॅसप स्थानकावर थांबा. तिथला जुना रेल्वेमार्ग १९६८ मध्ये बंद झाला आणि आता त्यावर मॉन्साल ट्रेल ही सपाट वाट आहे. मुलांना भाड्याच्या सायकली मिळतात आणि बाबांना निवांत चालता येते.

पावसाचा शनिवार असेल तर शहराबाहेर पडूच नका. डर्बीच्या सिल्क मिलमधील 'म्युझियम ऑफ मेकिंग'मध्ये शिरताच रोल्स-रॉइसचे विमानाचे अख्खे इंजिन डोक्यावर टांगलेले दिसते; एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तिथे दुपार पुरणार नाही. खाण्याचा डबा मात्र सगळीकडे घरूनच न्या, कारण अंड्याशिवायचे पदार्थ गावांतल्या उपाहारगृहांत मिळतीलच याची खात्री नसते.