कोणत्या वारी घेणार?

'मेडिकलवाला चिठ्ठी वाचून पाकीट काढून देतो, त्याला डिप्लोमा-डिग्री कशाला हवी' असं कुणीतरी म्हटलं, ते मला अजिबात पटलं नाही. डॉक्टरांचं अक्षर लावणं हा त्या कामाचा सगळ्यात छोटा भाग.

आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालं तेव्हा काउंटरवरच्या फार्मासिस्ट बाईंनी पैसे घेण्याआधी विचारलं, "आजी, ही गोळी कोणत्या वारी घेणार?" आई म्हणाली, "रोज, नाश्ता झाला की." बाईंनी हातातलं पाकीट खालीच ठेवलं. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, अस्थिमज्जेचं काम मंदावतं, रक्तातल्या पेशी घटतात, अगदी जिवावर बेतू शकतं. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं होतं, पण आमच्यापैकी कुणीच ते नीट वाचलं नव्हतं. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळीच, म्हणजे घोटाळा व्हायला आणखी वाव. त्यांनी एका पाकिटावर लाल पेनानं 'रविवार' आणि दुसऱ्यावर 'बुधवार' लिहिलं, आणि आईकडून दोनदा वदवून घेतलं.

१९४८च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं असतं, ते याचसाठी. ज्या दुकानात प्रमाणपत्र नुसतं भिंतीवर टांगलेलं असतं आणि औषध भलताच मुलगा देतो, तिथे हा प्रश्न कोण विचारणार? मी तरी आता फार्मासिस्ट हजर आहेत का, हे विचारूनच चिठ्ठी पुढे करते.