मदत हवी आहे: आजोबांच्या कॅसेटला बुरशी

कुडाळच्या घरी माळ्यावर आजोबांच्या आवाजातली ६० मिनिटांची कॅसेट सापडली. त्यांच्या गजाली आणि दशावतारातल्या संकासुराची नक्कल (मध्येच आजी ओरडते, तेही हवंच आहे!). पुढच्या महिन्यात वर्षश्राद्धाला सगळ्यांना ऐकवायची आहे.

पण फितीवर पांढरी बुरशी आहे. वॉकमनवर पाचेक मिनिटं चालली, मग आवाज दबला. वॉकमनचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) स्पिरिटने पुसलं, फरक नाही. फीत तुटेल म्हणून आता वाजवणं बंद केलंय. कॅसेटला स्क्रू नाहीत, चिकटवलेली आहे. दुसरी प्रत नसल्याने कुरिअरने पाठवायची हिंमत होत नाही.

कॅसेट फोडून फीत दुसऱ्या कव्हरात घालून बुरशी घरीच काढता येईल का? की कोल्हापूर-गोव्याकडे समोर बसून करून देणारं कोणी माहीत आहे?