‘घरी न्या’ म्हटल्यानंतर : अखेरच्या आजारातील शुश्रूषा गावच्या सिस्टरकडे सोपवावी का?

धागा मांडणारी : निवृत्त परिचारिका, अंबाजोगाई

कर्करोगाच्या रुग्णाच्या फायलीतले शेवटचे पान आपल्या भागात बहुधा सारखेच असते : ‘घरी शुश्रूषा करावी’ असा शेरा, पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि पुन्हा दाखवायला येण्याची एक तारीख. त्या तारखेपर्यंत रुग्ण राहणार नाही, हे डॉक्टरांना, नातेवाइकांना आणि पुष्कळदा रुग्णालाही ठाऊक असते. घरी शुश्रूषा करावी म्हणजे कोणी, कशाने आणि कोणाला विचारून, हे त्या पानावर कधीच लिहिलेले नसते.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय उपशामक सेवा (बरा न होणाऱ्या आजारात वेदना व त्रास कमी करणारी शुश्रूषा) कार्यक्रम २०१२ मध्ये आला. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मॉर्फिनसाठी (अफूपासून बनणारे तीव्र वेदनेवरचे औषध) वेगवेगळे परवाने गोळा करण्याची रुग्णालयांची यातायात संपली. आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या (आताची आयुष्मान आरोग्य मंदिरे) सेवांच्या यादीतही उपशामक सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. कागदावर उणीव नाही. रात्री दोन वाजता वेदना उसळली की दाराशी येणारे माणूस तेवढे नाही.

माझे मत असे, की हे माणूस गावच्या आरोग्य उपकेंद्रातील सिस्टर (एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका) असावी आणि तिला नुसते काम न देता अधिकारही द्यावा. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, रात्रीची झोप मोडू नये म्हणून निजताना दुप्पट द्यायची, मध्येच कळ आली तर जादा मात्रा द्यायची आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारे औषध जोडायचे (गुंगी व मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही), हे सारे डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवावे आणि त्या चौकटीत निर्णय तिने घ्यावा. तोंडाने गिळणे बंद झाल्यावर कातडीखाली सुई देणे हे परिचारिकेचेच काम आहे; त्यासाठी मरणाऱ्या माणसाला जीपमध्ये घालून तालुक्याला नेणे मला क्रूर वाटते.

प्रतिसाद : उपकेंद्रातील एएनएम, गेवराई तालुका

आपल्या अनुभवाचा आदर ठेवून सांगते, मी असहमत आहे. नियमाने माझ्या उपकेंद्राखाली पाच हजार लोकसंख्या असायला हवी. प्रत्यक्षात ती जास्त आहे आणि तांडे व वस्त्या धरून गावे चार. लसीकरणाचे वार ठरलेले, गरोदर मातांच्या तपासण्या ठरलेल्या, त्यावर रक्तदाब-साखरेची तपासणी, आणि एकच माहिती वहीत व मोबाइलवर दोनदा भरायची. अशा बाईच्या कामांत ‘उपशामक सेवा’ ही आणखी एक ओळ वाढवली, तर त्या ओळीसमोर बरोबरची खूण होईल, भेट होणार नाही.

दुसरे असे, की सुचवणारी मंडळी घरात कोणीतरी आहे असे गृहीत धरतात. दिवाळीच्या आसपास आमच्या गावातल्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल (आगाऊ मजुरी) घेऊन साखर कारखान्यांकडे निघून जातात आणि मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. मागच्या हंगामात आतड्याच्या कर्करोगाच्या एका आजीजवळ सातवीतली नात होती. चार-चार तासांनी गोळी द्यायला मी त्या मुलीला सांगायचे का?

प्रतिसाद : वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, परभणी जिल्हा

मीही विरोधातच आहे, पण माझे कारण वेगळे आहे. वेदना एकाच प्रकारची नसते. मणक्यात पसरलेल्या कर्करोगात पाठदुखीबरोबर पाय लुळे पडू लागले तर तासांचा हिशेब असतो. तिथे जादा मात्रा देऊन रुग्णाला निजवणे ही चूक ठरेल. मूत्रपिंड निकामी होत असेल तर नेहमीचीच मात्रा शरीरात साचून गुंगी व झटके आणते. आधी लिहून ठेवलेल्या आदेशात हे सगळे कसे मावणार? आणि चूक झाली तर चौकशी कोणाची होईल, हेही उघडपणे बोलले पाहिजे. सिस्टरचीच होईल.

प्रामाणिकपणे हेही नोंदवतो, की आम्हा डॉक्टरांचीही तयारी कच्चीच आहे. माझ्या शिक्षणात मॉर्फिन भेटले ते विषबाधेच्या प्रश्नात, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्यांसह. वेदनेसाठी मात्रा कशी चढवायची, हे नोकरीत आल्यावर स्वतः वाचून शिकलो. केरळचा दाखला येईलच म्हणून आधीच लिहितो : तिथे २००८ मध्ये राज्याचे धोरण आले, त्याच्या कितीतरी आधीपासून मलबारात स्वयंसेवकांचे जाळे उभे होते, आणि पंचायती परिचारिकेच्या घरभेटींना पैसा पुरवतात. आपल्याकडे पंचायतीचा पैसा गटार आणि पेव्हर ब्लॉकच्या पुढे सरकत नाही.

प्रतिसाद : सून, परळी तालुका

वरच्या तिघांचेही म्हणणे वाचले. या विषयात मला कुठले पद नाही. सासऱ्यांचे तोंडाच्या कर्करोगाचे शेवटचे चार महिने मात्र माझ्या हातून गेले आहेत.

‘घरी, आपल्या माणसांत’ हे शब्द ऐकायला बरे वाटतात. आपली माणसे म्हणजे मी होते. नवरा कामावर, नणंदा येऊन रडून परत जाणाऱ्या. गालाला भोक पडले होते आणि त्या जखमेचा वास असा, की शेजारच्या बाया उंबऱ्याबाहेरून विचारपूस करत. शहरातल्या ज्या मोठ्या रुग्णालयाने आम्हांला घरी पाठवले, तिथे या वासावर काही उपाय असतो असे कोणी बोलले नाही. पुढे ओळखीतून एक प्रशिक्षित नर्सबाई दोन-तीन वेळा घरी आल्या. त्यांनी मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर भुरभुरायला शिकवली, चिकटलेली पट्टी ओढून न काढता मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून सोडवायला शिकवली. आठवड्याभरात वास इतका उतरला, की मी सासऱ्यांजवळ बसून जेवू शकले. त्यांच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसले ते इथे लिहिता येणार नाही.

आणखी एक गोष्ट. शेवटच्या तीन दिवसांत भावकी सलाईन लावा म्हणून हट्टाला पेटली होती. न लावणे म्हणजे म्हाताऱ्याला उपाशी मारणे, असे मला तोंडावर सुनावले. बाईंनी सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितले, की शरीर आता पाणी मागत नाही, वरून ओतलेले पाणी घशात आणि छातीत घरघर वाढवेल. ओठ ओले ठेवा, तुळशीच्या पानाने थेंब द्या. हे मी सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. डॉक्टरांनी फोनवर सांगितले असते तरीही नाही. म्हणून डॉक्टरसाहेबांना विचारते, परिचारिकेचे काम तुम्ही केवळ मात्रेच्या हिशेबात का मोजता? आणि धाग्याच्या बाईंनाही विचारते, रात्रीच्या गोळीचा विचार केलात तसा रात्री जागणाऱ्या बाईचा का केला नाही?

धागा मांडणारी

शेवटचा प्रश्न मला लागला आहे. नोकरीत मी रुग्ण मोजले. त्यांच्या उशाशी बसलेल्या बायका मोजल्या नाहीत.

गेवराईच्या ताईंचा आक्षेप मान्य करून माझे म्हणणे बदलते. हे काम उपकेंद्राच्या सिस्टरवर लादू नये. तालुक्याच्या ठिकाणी फक्त याच कामासाठी प्रशिक्षित दोन परिचारिका नेमाव्यात, त्यांना वाहन आणि डॉक्टरचा चोवीस तास उचलला जाणारा फोन द्यावा. पाय लुळे पडणे, एकाएकी भ्रम होणे, लघवी थांबणे, अशा वेळी मात्रा न वाढवता आधी फोन, हेही आदेशात लिहिता येते. अधिकाराचा मुद्दा मात्र सोडत नाही. विचारल्यावाचून काहीच करता न येणारी परिचारिका घरी येऊन केवळ साक्षीदार होते.

प्रतिसाद : निवृत्त सांख्यिकी कर्मचारी, नांदेड

दोन परिचारिका पुरणार नाहीत. अडीच लाखांच्या तालुक्यात दरहजारी सहा मृत्यू धरले तर वर्षाला दीड हजार होतात. त्यांतील एक तृतीयांश लोकांना सरासरी अडीच महिने अशी सेवा लागेल असे धरा (हा माझा अंदाज आहे, आकडा कमी-जास्त करून पाहावा), तर कोणत्याही दिवशी शंभरेक घरे यादीत असतील. आठवड्यातून एक भेट द्यायची, तर भेटीही शंभर. आपल्या रस्त्यांवर एका परिचारिकेच्या दिवसाला पाच भेटी झाल्या तरी पुष्कळ, म्हणजे आठवड्याला तीस. चार जणी हव्यात, आणि रजा धरली तर पाच.

प्रतिसाद : उपकेंद्रातील एएनएम, गेवराई तालुका

पाच जणी येणार असतील तर आमच्या चार गावांतली कोणती घरे आधी घ्यायची, ते गावच्या आशाताई (आरोग्य स्वयंसेविका) आणि मी आजच सांगू शकतो. त्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही. एक अट आहे. त्या घरांची नोंद नव्या परिचारिकांनी त्यांच्या वहीत ठेवावी. आणि सातवीतल्या त्या नातीसारख्या घरात पहिली भेट द्यावी, कारण यंदाच्या टोळ्या निघायला आता फार दिवस उरलेले नाहीत.