खाडीकाठी बारा बोअर: तेल कुठलं, ग्रीस कुठलं?

खाडीकाठ_वेंगुर्ले
शेतीसंरक्षण परवान्यावरची बारा बोअर दुनळी बंदूक आहे, घर खाडीला लागून. वापरल्यावर खोबरेल पुसून ठेवतो. तरी मृग लागला की पंधरा दिवसांत नळीच्या तोंडाशी आणि ट्रिगर गार्डवर (घोड्याभोवतीच्या कडीवर) तांबूस ठिपके येतात, आणि बंदूक मोडताना (काडतूस भरायला उघडताना) बिजागरीशी जड लागते. सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रावण), सीएलपी (साफ करणारं, वंगण देणारं आणि गंज अडवणारं एकच तेल), डब्ल्यूडी-४०, शिलाई मशीनचं तेल असं बरंच काही सुचवलं जातं. यातलं नेमकं काय घ्यावं? घरात वाडवडिलांची ठासणीचीही (तोंडातून दारू ठासून भरायची) आहे (तिचाही परवाना आहे), तिला तेच चालेल का? आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा करताना काय लावून द्यावी?

दस्ता_नळी
आधी खोबरेल बंद करा. घाण्याच्या तेलात मुळात थोडं पाणी आणि आम्ल असतं, खवट झालं की आम्ल वाढतं. २४ अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून पौषातल्या पहाटे खटके जड होतात. बिजागरीतला चिकटा बहुधा त्याचाच.

मळ काढणं, वंगण घालणं आणि गंज अडवणं ही तीन वेगळी कामं आहेत. बंदूक रिकामी आहे हे दोन्ही चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग नळ्या सुट्या करा. नायट्रो सॉल्व्हंटने (काडतुसातल्या बिनधुराच्या दारूचा मळ काढणारं) ओली केलेली चिंधी चेंबरकडून तोंडाकडे सारा, १० मिनिटं थांबा. मग बारा बोअरचा फॉस्फर ब्राँझचा ब्रश प्रत्येक नळीतून ८-१० वेळा, आणि पुढे कोरड्या चिंध्या, पांढरी निघेपर्यंत. चेंबर जिथे संपतो तिथली कड आणि चोक (तोंडाशी नळी अरुंद होते तो भाग) या दोन जागी प्लास्टिक वॅडचा (काडतुसातल्या दारू आणि छऱ्यांमधल्या बुचाचा) आणि शिशाचा थर राहतो. ब्रश तिथे जास्त फिरवा. तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट घेऊ नका. छऱ्याच्या नळीत तांबं नसतंच, वर ब्राँझचा ब्रश तेवढा खराब होतो.

वंगण फार थोडं. बिजागरीच्या पिनेवर आणि लॉकिंग लगवर (नळ्या बंद धरणाऱ्या खाचेच्या उंचवट्यावर) तांदळाच्या दाण्याएवढं लिथियम ग्रीस, फायरिंग पिनच्या भोकात सुईच्या टोकाने एकेक थेंब हलकं तेल. यापेक्षा जास्त घातलं की ते झिरपत दस्त्याच्या डोक्यात जातं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, मग भेगा. म्हणून तेल लावलेली बंदूक पहिली रात्र तोंड खाली करून ठेवावी. चेंबर मात्र वापरण्याआधी कोरडा पुसायचाच. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं कवच भिंतीला धरत नाही आणि मागचा धक्का ॲक्शनवर (नळ्या बंद करणाऱ्या यंत्रणेवर) जास्त येतो.

माडाखाली
डब्ल्यूडी-४० बद्दल. ते पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे, नावातली पहिली दोन अक्षरंच ते सांगतात (डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट). भिजलेली बंदूक घरी आली की वापरा, पण त्यावर थांबू नका. त्याचा थर पातळ असतो, खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. शिलाई मशीनचं तेल खटक्यांना ठीक, पण गंजरोधक म्हणून कच्चं.

एक बाटली घ्यायची तर सीएलपी चालेल, महिन्याला एकदा हात फिरणार असेल तर. पावसाळ्यात आठवड्याला. ट्रिगर गार्डवरचे ठिपके घामाचे असतात, घामातही मीठच. हाताळली की पुसा, मगच ठेवा. आणि रेक्झिन किंवा चामड्याच्या म्यानात ठेवू नका, ते ओल धरतं. आहे त्या ठिपक्यांवर सँडपेपर नको. तेल लावून ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, नाहीतर निळाई (पोलादावरचा निळा-काळा संरक्षक थर) निघेल.

तोड्याची_वात
ठासणीला तेच चालणार नाही. काळ्या दारूची राख म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार. ते हवेतली ओल ओढतात, पाण्यात विरघळतात, खनिज तेलात नाही. नायट्रो सॉल्व्हंटने कितीही घासा, तेलाखाली क्षार तसेच राहतात आणि गंज आतून चालू असतो. त्याच दिवशी धुवा. आधी ठासलेली नाही याची खात्री: गज आत घालून तोंडाशी खूण करा, बाहेरून मोजा, तळापर्यंत जायला हवा. मग निपल (टोपी बसते ती नळकांडी) काढून नळीचा तळ कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, आणि घट्ट चिंधीने पिचकारीसारखं पाणी वरखाली ओढा. काळं येणं थांबलं की स्वच्छ पाणी, चार-पाच कोरड्या चिंध्या, लगेच तेल. उकळतं पाणी जलद वाळतं खरं, पण ओल्या तापलेल्या लोखंडावर गंजाची साय तितक्याच जलद धरते. दुसऱ्या दिवशी एक पांढरी चिंधी सारून बघा, तपकिरी आली तर परत धुणं.

खाडीकाठ_वेंगुर्ले
म्हणजे दुनळीच्या नळ्याही बादलीत बुडवायच्या का?

दस्ता_नळी
नाही! दोन नळ्यांमधल्या पट्टीचा झाळ (डाग देऊन केलेला जोड) सुटला असेल तर पाणी आत शिरून तिथेच राहतं. सुट्या नळ्या दोरीला टांगून नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर झाळ शाबूत, बद्द आवाज आला तर परवानाधारक कारागिराकडे.

माडाखाली
ठाण्यात जमा करायची तर महिना-दीड महिना हात लागणार नाही, तेव्हा तेल पुरत नाही. सगळं साफ करून नळीत आणि बाहेर ग्रीसचा पातळ थर द्या, लाकडावर नको. व्हीसीआय कागद (गंज अडवणारी वाफ सोडणारा) मिळाला तर त्यात गुंडाळा. ट्रिगर गार्डला चिठ्ठी बांधा: "नळीत ग्रीस आहे". परत आल्यावर ते पूर्ण पुसल्याशिवाय बार काढायचा नाही, साचलेलं ग्रीस हा अडथळाच, नळी फुगू शकते. पावतीवर नंबर आणि आजची अवस्था लिहून घ्या, गंजाचे ठिपके धरून.