मदत हवी आहे : पिस्तुलाची मूठ हाताबरहुकूम करण्यासाठी भराव कोणता वापरावा?

माझ्या १० मीटर एअर पिस्तुलाच्या लाकडी मुठीत तळहाताच्या खोलगट भागापाशी पोकळी राहते आणि त्यामुळे प्रत्येक नेमाला पकड किंचित बदलते, म्हणून तेथे भराव घालून मूठ हाताबरहुकूम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. दोन घटकांची इपॉक्सी पुटी टणक होते, परंतु ती ओली असताना तळहाताचा ठसा घेण्यास अवधी थोडा मिळतो; लाकडाचा तयार भराव घासायला सोपा असला, तरी जाड थरात तडकतो. कच्ची इपॉक्सी त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजा घालणारच आहे, पण त्याच्या सुरकुत्या ठशात उमटू नयेत यासाठी काय करावे? स्पर्धेत मनगट मोकळे राहावे लागते (मुठीचा त्याला आधार चालत नाही) आणि पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या तपासणी-पेटीत मावावे लागते, हे लक्षात घेऊन अनुभवी नेमबाजांनी कृपया मार्गदर्शन करावे.